वरचा घास कुणाला?

भाऊ धुळ्यात तालमीला जाऊ लागला, तसं घरात त्याच्यापुरतं दूध, तूप, बदाम सुरू झालं. पोराला ताकद हवी! हरकत नाही. व्यायामाला थोड्या जास्त अन्नाची, त्यातही डाळ-दूध-अंड्यांची जोड मिळाली तर स्नायू भरतात. नुसतं खाल्लं तर चरबी वाढते. पण ओझी उचलायची आणि पोटाला कमीच, तर? शरीर आपलेच स्नायू जाळतं.

चोपडा-यावलकडे कापूस वेचणारी बाई दिवसभर वाकलेली असते, संध्याकाळी डोक्यावर जळण आणते. ही मेहनत तालमीपेक्षा कमी आहे का? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या हिशेबाने जड काम करणाऱ्या ५५ किलोच्या बाईला रोज २७२० कॅलरी लागतात. बैठ्या पुरुषाला २११०. म्हणजे गादीवर बसणाऱ्या शेठपेक्षा तिला ६१० जास्त! मजुरी मात्र कमी, आणि जेवायला शेवटी. तिच्या वाट्याला उरलेली भाकरी, ठेचा, वरणाचं पाणी. 'बाईमाणसाला लागतं किती?' हे मी सासूकडून ऐकलंय. लाज वाटते, लेकीलाही ऐकवलंय.

पावडरींचे महागडे डबे कोण मागतंय? आपल्या कळण्याच्या भाकरीत ज्वारीबरोबर उडीद असतोच. ती पोटभर, घट्ट वरणासोबत, बाईच्या ताटात पडू दे.

मैत्रिणींनो, आज रात्री सगळ्यांबरोबरच ताट घेऊन बसा. 'आधी पुरुषांना वाढ' असं कुणी म्हणालं, तर सांगा, पातेलं मध्येच ठेवलंय.