मागाचा खडखडाट आणि कामगाराचे कान

यंत्रमागावर वीस-पंचवीस वर्षे काढलेल्या कामगाराच्या घरी एक तक्रार ठरलेली असते. "हाका मारून घसा बसतो, पण ह्यांना ऐकूच येत नाही. टीव्ही मात्र सगळ्या चाळीला ऐकवतात." घरच्यांना वाटते, माणूस मुद्दाम दुर्लक्ष करतो. शेजारीपाजारी म्हणतात, वय झाले. आम्ही वाचकांना सांगू इच्छितो की, यात वयापेक्षा मागाचा दोष मोठा असू शकतो. हे नुसते आमचे मत नाही. ध्वनिशास्त्राने ते मोजून दाखविले आहे.

स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात डॉ. थॉमस बार हे कानाचे डॉक्टर होते. १८८६ साली त्यांनी बॉयलर बनविणाऱ्या १०० कामगारांच्या तपासणीचा वृत्तांत प्रसिद्ध केला. तेव्हा आजच्यासारखी यंत्रे नव्हती. खिशातले घड्याळ कानापासून किती अंतरावर धरले म्हणजे टिकटिक ऐकू येते, हे त्यांनी मोजले. त्या शंभरांत एकाचेही कान निर्दोष निघाले नाहीत. तुलनेसाठी त्यांनी पोस्टमन तपासले, त्यांचे कान कितीतरी चांगले होते. सभेतले भाषण ऐकू येते का, असेही बार यांनी विचारले. बॉयलरच्या बहुतेक कामगारांना ते नीट ऐकू येत नव्हते.

पुढे याच देशातील डंडी शहरात विणकरांचा अभ्यास झाला. बंगालचा ताग तिथल्या गिरण्यांत विणला जाई आणि मागावर मुख्यतः स्त्रिया असत. त्यांच्या कानांची तपासणी करून टेलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. मागखात्यातला आवाज १०० डेसिबलच्या आसपास होता. सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष असा की, वरच्या पट्टीच्या आवाजांचे बरेचसे नुकसान कामाच्या पहिल्या दहा-पंधरा वर्षांतच होऊन जाते. म्हणजे अठराव्या वर्षी मागावर उभा राहिलेला तरुण तिशी गाठतो तेव्हाच त्याचे कान बिघडलेले असू शकतात. कळते मात्र फार उशिरा.

डेसिबलचा हिशेब किलो-लिटरसारखा सरळ नाही. ३ डेसिबल वाढले की आवाजाची शक्ती दुप्पट होते. साधे बोलणे ६० डेसिबलच्या आसपास असते. अमेरिकेतील कामगार-आरोग्य संशोधन संस्थेने १९९८ मध्ये दिलेला हिशेब असा आहे : ८५ डेसिबलमध्ये आठ तास, ८८ मध्ये चार तास, ९१ मध्ये दोन तास. असे करत करत १०० डेसिबलला दिवसाकाठी फक्त १५ मिनिटे उरतात. आपल्याकडील कारखान्यांच्या नियमांनी आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा घातली. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या शेडमध्ये बारा तासांची पाळी करणाऱ्या आमच्या बांधवांनी हे आकडे स्वतःच्या पाळीशी ताडून पाहावेत.

कानाच्या आत गोगलगायीच्या शंखासारखा एक भाग असतो. त्यात सुमारे पंधरा हजार सूक्ष्म केसाळ पेशी असतात. आवाजाच्या लाटेने त्या हलतात आणि मेंदूला निरोप जातो. सतत मोठा आवाज बसला की त्या मरतात आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. वरच्या पट्टीचे आवाज टिपणाऱ्या पेशी आधी जातात. स, श, त, थ, फ यांसारखी व्यंजने याच पट्टीतली. म्हणून आवाज येतो, पण शब्द कळत नाही. 'साप' म्हटले की 'ताप' हे कळेनासे होते. लहान मुलांचे बारीक आवाज तर फारच अवघड जातात. नातवंडे बोलतात आणि आजोबा नुसते हसून मान हलवतात. सभेला गेले तर मागे बसतात, इतरांच्या टाळ्या पडल्या की आपणही टाळ्या वाजवतात. पुढे पुढे जाणेच सोडतात. कामगार असा हळूहळू चारचौघांतून उठून जातो, ही आम्हांला सर्वांत गंभीर गोष्ट वाटते.

मग करावे काय? पहिली पारख घरच्या घरी होते. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल, तर तिथला आवाज धोक्याचा समजावा. सकाळी कामावर जाताना रेडिओचा आवाज ऐकू येईल एवढा ठेवावा. संध्याकाळी परतल्यावर तोच आवाज कमी वाटला किंवा कानांत शिट्टी वाजू लागली, तर कान थकले आहेत. असे रोज होत राहिले तर थकवा कायमचा होतो.

शेडमध्ये पहिला उपाय यंत्राचा. वेळेवर तेलपाणी, झिजलेले भाग बदलणे, मागाखाली रबराचे जाड तुकडे. हे मालकाचे काम आहे, ते मागून घ्यावे. कामगाराच्या हाती आहेत ते इअरप्लग. नुसता कापूस कोंबल्याने फारसा उपयोग होत नाही. स्पंजाचा प्लग बोटांनी वळून बारीक करावा, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढून तो आत सरकवावा आणि फुगेपर्यंत दाबून धरावा. तो पाळीभर घालावा, अधूनमधून नव्हे.

त्याहून महत्त्वाची श्रवण चाचणी, म्हणजे ऑडिओमेट्री. मोठ्या सरकारी रुग्णालयांच्या कान-नाक-घसा विभागात ती होते. मुंबईत वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था याच कामासाठी आहे. चाचणीला सुटीच्या दिवशी, कानांना विश्रांती मिळाल्यावर जावे.

आवाजाने येणारे बहिरेपण हा व्यवसायातून होणारा आजार आहे, हे कायद्यानेही मान्य केले. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत तो आला आणि २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेच्या यादीतही आहे. पण हक्क सांगायला पुरावा लागतो. बहिरेपण दिसत नाही, ते कागदावरच दिसते. लहान शेडमधल्या कामगाराचे नाव तर पुष्कळदा हजेरीपटावरही नसते.

म्हणून आमची विनंती तरुण कामगारांना आणि त्यांच्या आई-बहिणींना आहे. मागावर पाऊल ठेवण्यापूर्वी एकदा आणि नंतर दरवर्षी एकदा ही चाचणी करून घ्या. तिचा कागद रेशनकार्डाच्या पिशवीत जपून ठेवा. गेलेले कान परत येत नाहीत, पण आहेत ते वाचवता येतात.