पोरगं 'नाही' म्हणतंय, तर फॉर्म भरू नका

पोस्ट जरा मोठी आहे आणि काहींना झोंबेल. झोंबू द्या.

परवा पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पुन्हा तोच फॉर्म आला. लळिंग किल्ल्यावर 'मदतीसाठी ट्रेक'. प्रत्येक मुलाला एक कार्ड, ओळखीच्या लोकांनी त्यावर किलोमीटरमागे रक्कम लिहायची, मूल जितकं चालेल तितके पैसे गरीब रुग्णांना. यंदा आमच्या घरातून फॉर्म जाणार नाही.

मागच्या वर्षी माझा मुलगा दहाचा होता. त्याला जायचं नव्हतं, तीनदा म्हणाला. माझी आई ओट्यावरून ओरडली, "पोर्‍याले काब्र वढी र्‍हायना? तो नही म्हनी र्‍हायना ना!" मी ऐकलं नाही. ग्रुपवर सगळ्यांनी पोरांचे फोटो टाकले होते, आपल्याच पोराचं नाव नसलं तर कसं दिसेल, हे खरं कारण. 'संस्कार' वगैरे मी नंतर जोडलं.

कार्ड घेऊन तो गल्लीत फिरला. दूधवाल्या काकांसमोर मान खाली घालून उभा राहिला. त्या माणसानेही संकोचाने किलोमीटरमागे दहा रुपये लिहिले, नाही कसं म्हणणार? गरिबाच्या पोराला कोणी चौकात हात पसरायला लावला तर २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७६ खाली लावणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आपल्या पोराच्या हाती छापील कार्ड दिलं की तेच पर्सनॅलिटी डेव्हलपमेंट. कायद्याने दोन्ही एक नाहीत, मला कळतं. पण त्या खाली गेलेल्या मानेला कायदा कुठे कळतो?

मार्चचा शेवट होता. पाहुणे उशिरा आले म्हणून चढाई साडेनऊला सुरू झाली. आपल्याकडचं ऊन मी धुळे-जळगावकरांना काय सांगू! एप्रिल २०२३ मध्ये खारघरला भर उन्हातल्या कार्यक्रमात माणसं गेली, ती तर मोठी माणसं होती. निम्म्या चढावर पोरगं दगडावर बसलं. पाय दुखत होते, डोकं तापलं होतं. एक स्वयंसेवक आला, चांगल्या मनाचा मुलगा, आणि म्हणाला, "बेटा, थांबलास तर पेशंटचे पैसे कमी होतील."

माझा सगळा राग या एका वाक्यावर आहे. दवाखान्याचं बिल सरकारने भरावं, संस्थांनी भरावं, आपण कमावत्या माणसांनी भरावं. ते दहा वर्षांच्या पोराच्या पिंढऱ्यांवर कोणी ठेवलं? आणि ते ठेवताना मी शेजारी उभा होतो, पाण्याची बाटली धरून, गप्प.

आता कोणीतरी लिहीलच, "आजकालची पोरं नाजूक झालीत." थांबा. महिनाभराने, चैत्रात, हाच पोरगा आजीसोबत वणीच्या पायी जाणाऱ्यांमध्ये निघाला. स्वतः हट्ट करून. पहाटे साडेतीनला उठला, त्याच लळिंगच्या पायथ्यावरून आर्वीपर्यंत चालला. थकला तेव्हा आजीच म्हणाली बस, आणि बसला. वाटेत लोक ताक-पाणी देत होते, किती चाललास असं कोणी विचारलं नाही. मी मोटरसायकलवर घ्यायला गेलो तर यायला तयार नव्हता.

म्हणजे पायात दम होता. 'नाही' म्हणत होता ते दुसऱ्याच गोष्टीला. बालहक्क करारावर भारताने १९९२ साली मान्यता दिली, त्यात मुलाचं म्हणणं ऐकून घ्यावं असं कलम आहे. आमच्या घरात ते माझ्या आईला न वाचता माहीत होतं.

आयोजकांशी माझं वैर नाही. हेतू चांगलाच असेल. मग सूर्य वर यायच्या आत मोठ्यांनी चढावं, मोठ्यांनीच आपल्या खिशातून द्यावं. ज्या पोराला हौस आहे त्याने बिनकार्डाचं यावं, दमलं की खाली उतरावं. आणि टी-शर्ट, बॅनर, नाश्ता, सत्काराच्या शाली यांवर किती गेले आणि रुग्णापर्यंत किती पोचले, ते ग्रुपवर टाकावं. मागच्या वर्षीचा हिशेब मी दोनदा मागितला. एकदा हात जोडलेला इमोजी आला, एकदा तोही नाही.

मला तो हिशेब माझ्यासाठी नकोय. पोरगं अजून मधूनच विचारतं, "पप्पा, मी बसलो होतो ना, मग त्या पेशंटला औषध मिळालं का?" त्याला काय सांगू?

आज तिसऱ्यांदा मागितलाय. आला की इथेच टाकतो.