समुद्रावरचा पहारा

२९ ऑगस्ट २०१७. सकाळचे सहा वाजून गेले होते. जपानच्या होक्काइदो बेटावर एकाएकी मोबाइल फोन आणि भोंगे वाजू लागले. उत्तर कोरियाने क्षेपणास्त्र सोडले आहे, पक्क्या इमारतीत किंवा तळघरात जा, अशी ती सूचना होती. जेमतेम पाच मिनिटांत ते क्षेपणास्त्र बेटावरून पार झाले आणि पुढे प्रशांत महासागरात पडले. पाच मिनिटांत घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आणि झोपलेल्या मुलांना घेऊन कुणी जावे तरी कुठे?

१९९८ मध्येही असेच एक क्षेपणास्त्र जपानवरून गेले होते. पुढे जपानने आपल्या 'एजिस' युद्धनौकांवर अशी क्षेपणास्त्रे पाडण्याची जबाबदारी सोपवली.

बॅलिस्टिक क्षेपणास्त्र म्हणजे एका परीने भिरकावलेला दगडच. त्याचे इंजिन सुरुवातीची काही मिनिटेच चालते. मग ते मिळालेल्या वेगाने वर चढते आणि पृथ्वीच्या ओढीने खाली येते. म्हणूनच ते कुठून कुठे जाणार, याचे गणित मांडता येते. एजिस नौकेच्या रडारला चार सपाट बाजू असतात. त्यामुळे ते न फिरता चारही दिशांना पाहते. संगणक गणित करतो आणि नौकेतून 'एसएम-३' हे क्षेपणास्त्र सरळ वर झेपावते. वातावरणाबाहेर गेल्यावर त्याचा पुढचा भाग सुटा होतो. त्यात स्फोटके नसतातच! लक्ष्याच्या उष्णतेचा वेध घेत तो थेट त्यावर आदळतो आणि त्या टकरीनेच दोघांचा चुरा होतो. आंब्यावर नेम धरून दगड मारावा, तसेच हे. फक्त इथे आंबाही दगडासारखाच धावत असतो.

जपानच्या 'कोंगो' नौकेने डिसेंबर २००७ मध्ये हवाई बेटांजवळ ही चाचणी यशस्वी केली. प्रत्यक्ष लढाईत एसएम-३ प्रथम वापरले ते अमेरिकी नौकांनी, एप्रिल २०२४ मध्ये, इस्राएलकडे निघालेल्या इराणी क्षेपणास्त्रांवर. भारतानेही २१ एप्रिल २०२३ रोजी ओडिशाजवळ बंगालच्या उपसागरात नौकेवरून अशा संरक्षक क्षेपणास्त्राची पहिली चाचणी घेतली.

नौका हवी तिथे नेता येते, हा मोठा फायदा. पण तिच्यावर क्षेपणास्त्रे मोजकीच मावतात. शत्रूने एकदम अनेक सोडली किंवा सोबत फसवी लक्ष्ये पाठवली, तर हे कवच अपुरे पडू शकते. म्हणून समुद्रावर पहारा असला, तरी भोंगा वाजताच होक्काइदोच्या माणसाला आजही तळघर गाठावेच लागते.