एका विशेषणाचे राजकारण

साहित्याच्या वर्गात नदीचा विषय निघाला की कवितांची आठवण होते, फार तर एखाद्या कादंबरीची. परंतु आज नदीविषयी सर्वाधिक गद्य लिहिले जाते ते शासकीय अहवालांत, आणि ते आपण कोणीच वाचत नाही. ते शास्त्रज्ञांचे काम, अशी आपली समजूत असते. आमचे म्हणणे नेमके उलट आहे. पाण्याचे नमुने तपासण्याचे काम शास्त्रज्ञांचे खरे; पण त्या नमुन्यांना जे शब्द चिकटवले जातात, ते तपासण्याचे काम भाषेच्या अभ्यासकाचे आहे.

या संदर्भात न्यूझीलंडचे उदाहरण विचार करण्याजोगे आहे. १९८९ साली तिथे स्थानिक शासनाची पुनर्रचना झाली आणि प्रादेशिक परिषदा अस्तित्वात आल्या. त्यांच्या हद्दी बहुतांशी नद्यांच्या खोऱ्यांवरून आखलेल्या आहेत. आपला जिल्हा ही महसुलाची कल्पना. तिथला प्रदेश ही पाण्याची. १९९१ च्या संसाधन व्यवस्थापन कायद्याने पाणी, हवा, माती आणि किनारा यांची देखभाल या परिषदांकडे सोपवली आणि पर्यावरणावर देखरेख ठेवणे हे त्यांचे कायदेशीर कर्तव्य ठरवले. उन्हाळ्यात लोक जिथे पोहायला उतरतात, तिथल्या पाण्याचे नमुने घेऊन या परिषदा निष्कर्ष नागरिकांपुढे ठेवतात.

आता शब्दांकडे वळू. २०१४ साली गोड्या पाण्याविषयीच्या राष्ट्रीय धोरणाने आरोग्याची किमान पातळी ठरवली, ती पाण्यात उतरून चालण्यापुरती आणि नाव वल्हवण्यापुरती. पोहण्याचे बंधन त्यात नव्हते. ‘आमच्या नद्या काय फक्त पाय भिजवण्यापुरत्या?’ या सुराची टीका देशभर झाली. फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने नवे उद्दिष्ट जाहीर केले: २०४० पर्यंत ९० टक्के मोठ्या नद्या व सरोवरे ‘पोहण्याजोगी’ होतील, त्या वेळी ७२ टक्के तशी आहेतच, असेही सांगण्यात आले. पण पोहण्याजोगी म्हणजे काय? आधीच्या निकषानुसार शंभरांपैकी ९५ नमुन्यांत, १०० मिलिलिटर पाण्यामागे, ई. कोलाय जिवाणूंची संख्या ५४० च्या आत असायला हवी होती. नव्या श्रेणीनुसार २० टक्क्यांपर्यंत नमुने ती मर्यादा ओलांडत असले तरी नदी पोहण्याजोगीच ठरत होती. शिवाय ४० सेंटिमीटरहून उथळ प्रवाह या हिशेबातच नव्हते. म्हणजे लहान मुले ज्यांत खेळतात ते ओहोळ त्या विशेषणाच्या बाहेर राहिले. पाणी होते तसेच होते. फक्त शब्दाचा अर्थ सैल झाला होता.

याच्या बाजूनेही बोलता येते, हे आम्ही नाकारत नाही. पावसानंतर नदी गढूळते, जिवाणू वाढतात आणि तेव्हा सहसा कोणी पोहतही नाही. पण हा युक्तिवाद उघडपणे करायला हवा. विशेषणाच्या पोटात लपवून नव्हे.

अशा सैलपणाची किंमत काय असते, हे हेवलॉक नॉर्थ या गावाने ऑगस्ट २०१६ मध्ये अनुभवले होते. मुसळधार पावसात मेंढ्यांच्या विष्ठेने दूषित झालेले पाणी गावच्या विहिरींपर्यंत पोहोचले. सुमारे १४ हजार वस्तीपैकी अंदाजे ५,५०० माणसे आजारी पडली. चौकशी समितीने जिल्हा परिषद आणि प्रादेशिक परिषद या दोघींनाही दोष दिला आणि त्यांच्यातील बेबनावही नोंदवला. कर्तव्य कागदावर होते. मात्र ते निभावले गेले नव्हते.

याच देशाने मार्च २०१७ मध्ये, म्हणजे ‘पोहण्याजोगी’च्या घोषणेनंतर महिन्याभरात, वांगानुई नदीला कायद्याने व्यक्तीचा दर्जा दिला. माओरी लोकांचा हा लढा एकोणिसाव्या शतकापासूनचा. इथे रूपक कायद्यात उतरले, आणि उतरताना त्याला जबाबदारीही चिकटली: नदीच्या वतीने बोलायला दोन माणसे नेमली जातात, एक माओरींनी सुचवलेले आणि एक शासनाने. अर्थात व्यक्ती झाल्याने नदीची प्रकृती आपोआप कळत नाही. नमुने घ्यावेच लागतात. २०२५ च्या अखेरीस तिथल्या सरकारने प्रादेशिक परिषदांवर निवडून येणारे सभासद काढून त्यांचा कारभार महापौरांच्या मंडळांकडे द्यावा, असा प्रस्ताव मांडला. मोजणारे कोणाला उत्तर देणार, हा प्रश्न त्यामुळे तिथेही नव्याने उभा राहिला.

आपल्याकडे काय? उत्तराखंड उच्च न्यायालयाने मार्च २०१७ मध्येच गंगा-यमुनेला व्यक्ती ठरवले. जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयाला स्थगिती दिली. नदीला माता म्हणण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे, पण त्या संबोधनाने मुलांवर कोणते बंधन येते हे कोणी लिहून ठेवलेले नाही. रूपक तेवढे मोठे, उत्तरदायी कोणीच नाही.

मात्र एक दस्तऐवज आपल्या हाताशी आहे. महाराष्ट्रातील महानगरपालिकांना दरवर्षी पर्यावरण सद्यस्थिती अहवाल सभागृहापुढे ठेवावा लागतो. मराठीच्या प्राध्यापकांनी तो एकदा वर्गात आणावा. ‘नदीत सांडपाणी सोडले जाते’ अशा धर्तीचे वाक्य फळ्यावर लिहावे आणि विद्यार्थ्यांना प्रयोग ओळखायला सांगावे. कर्मकर्तरी, असे उत्तर येईल. मग पुढचा प्रश्न विचारावा: या वाक्यातला कर्ता कोठे गेला? नदीवरची आणखी एक शोकाकुल कविता शिकवण्यापेक्षा हा तास अधिक साहित्यिक ठरेल, असे आम्हांला प्रामाणिकपणे वाटते.