घरकुल मंजूर झाले, पण उभे कुठे करायचे?

ग्रामपंचायतीच्या फळ्यावर घरकुलाची यादी लागते. यादीत आमच्या वस्तीतल्या एखाद्या विधवा बाईचे नाव असते. आनंदाने साखर वाटली जाते. आठ दिवसांनी पंचायतीतून निरोप येतो, ‘बाई, जागेचा उतारा आणा.’ उतारा आणायचा कुठून? तिचा सासरा गायरानात राहिला, नवरा तिथेच वारला, लेकरे तिथेच वाढली. नाव मंजूर, घर मात्र नामंजूर! वकिली करताना असे कागद घेऊन आलेले बांधव आम्ही वर्षानुवर्षे पाहत आहोत.

सरकारच्या लेखी ही बाई बेघरसुद्धा नाही. २०११ च्या जनगणनेने देशात सुमारे १७.७ लाख बेघर मोजले, त्यांपैकी ८.३ लाखांच्या आसपास ग्रामीण भागातले. पण ही मोजणी उघड्यावर राहणाऱ्यांची. चार पत्रे ठोकून गायरानात राहणारा माणूस त्यात येत नाही. उद्या नोटीस आली की तो रस्त्यावर येणार, हे कोणत्या रकान्यात लिहायचे?

योजनांचा तुटवडा नाही. १९८५ साली इंदिरा आवास आली, तिच्या जागी २०१६ साली प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण आली. राज्याने २००८ साली अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी रमाई आवास सुरू केली. प्रधानमंत्री योजनेत सपाट भागात १ लाख २० हजार, डोंगराळ भागात १ लाख ३० हजार रुपये आणि किमान २५ चौरस मीटरचे घर, असा हिशेब आहे. एवढ्या पैशात घर पुरे होते का, हा वेगळा विषय. आमचा मुद्दा त्याच्याही आधीचा आहे. योजना भिंतींना पैसे देते, भुईला नाही. जागा विकत घेण्यासाठी राज्याची पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाची अर्थसाहाय्य योजना आहे. पण वस्तीतल्या माणसाला गावठाणात जागा विकायला तयार कोण आहे, हे शासनाने एकदा गावात येऊन विचारावे!

प्रधानमंत्री योजनेची मार्गदर्शक तत्त्वे वाचा. लाभार्थी भूमिहीन असेल तर सरकारी किंवा सार्वजनिक जमिनीतून त्याला जागा मिळवून देण्याची जबाबदारी राज्याची, असे त्यात स्पष्ट आहे. म्हणजे ‘उतारा आणा’ हे उत्तर होऊच शकत नाही. उतारा द्यायचा आहे तो शासनाने.

इथे जगपाल सिंग निकाल पुढे केला जातो. २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवा, असे सर्व राज्यांना बजावले. पण खटला कोणाचा होता? पंजाबातील पतियाळा जिल्ह्यात गावतळे बुजवून घरे बांधणाऱ्यांचा. पैसा, दांडगाई आणि राजकीय वजन वापरून गावाची जमीन लाटणाऱ्यांवर न्यायालयाचा रोख होता. त्याच निकालाच्या शेवटी अपवादही नोंदवला आहे. शासनाच्या अधिसूचनेनुसार भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना पट्टा दिलेला असेल, तर अशी प्रकरणे नियमानुकूल करता येतात. निकालाचा पहिला भाग तहसील कार्यालयात तोंडपाठ असतो. हा शेवटचा भाग मात्र कोणाला आठवत नाही! २०२२ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे गायरानावरील दोन लाखांहून अधिक अतिक्रमणांचा प्रश्न आला. तेव्हा राज्यभर नोटिसा निघाल्या आणि वस्त्यांची झोप उडाली.

जमीन महसूल संहितेचे कलम २२-अ गायरान दुसऱ्या कामाला देण्यास आडकाठी करते. सरकारी प्रकल्पांसाठी मात्र त्याच कलमात वाट ठेवली आहे. सौर कृषी वाहिनी योजनेच्या प्रकल्पांना गायरान मिळते, मग त्याच गावच्या भूमिहीन बाईला पाचशे चौरस फूट मिळू नये? सौर वीज हवीच, आमचा तिला विरोध नाही. पण मोजमाप एकच असावे.

गायरान कसले म्हणून आमच्या वाट्याला आले, हेही विसरू नये. वाडा गावकुसाबाहेर आणि पोट वतनावर, अशी व्यवस्था होती. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ साली आणि पुन्हा ६ डिसेंबर १९६४ पासून भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले, लोक हजारोंनी तुरुंगात गेले. त्या रेट्यामुळेच पुढे १४ एप्रिल १९९० पर्यंतची गायरानातील शेती नियमानुकूल करण्याचे निर्णय झाले. घरांसाठी २०१८ साली शासनाने १ जानेवारी २०११ पूर्वीची ग्रामीण निवासी अतिक्रमणे नियमानुकूल करण्याचे ठरवले. अंमलबजावणी बहुतेक ठिकाणी फाइलीत अडकली. जयंत्यांना लाखो रुपये गोळा करणाऱ्या आमच्या मंडळांनी यासाठी तहसीलवर किती मोर्चे नेले, हेही विचारलेच पाहिजे.

तूर्त कार्यकर्त्यांनी एवढे करावे. १ जानेवारी २०११ पूर्वीचा पुरावा प्रत्येक घराचा वेगळा जमवावा: घरपट्टीची पावती, नमुना आठचा उतारा, वीजबिल, मतदार यादी, मुलांचा शाळेचा दाखला. घरपट्टीने मालकी सिद्ध होत नाही, पण वास्तव्य सिद्ध होते आणि इथे तेच हवे आहे. ग्रामसभेत ठराव मांडावा, नामंजूर झाला तर तसे इतिवृत्तात लिहून घ्यावे. ओल्गा टेलिस निकालाने १९८५ सालीच सांगितले आहे की, ऐकून घेतल्याशिवाय माणसाला हटवता येत नाही. म्हणून नोटीस हातात पडली तर घाबरून कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नका. उत्तर लेखी द्या, मुदतीत द्या आणि पोच घेतल्याशिवाय कचेरीतून उठू नका.