मगरिबनंतरची पहिली बिडी

मगरिबची अजान होते. खजूर तोंडात जातो, पाण्याचा घोट घशाखाली उतरतो, नमाज अदा होते आणि मशिदीच्या फाटकाबाहेर, कोपऱ्यावरच्या टपरीशी काडी पेटते. दिवसभर पाण्याच्या थेंबाला न शिवलेला रोजेदार पहिला झुरका घेतो. कोणी टोकले तर त्याचे उत्तर ठरलेले असते, "सगळं सुटतं, एवढं मात्र सुटत नाही." गंमत अशी की, हे सांगणाऱ्या माणसाने नुकतीच ती 13-14 तास सोडलेली असते. तीही कुणाच्या धाकाने नव्हे.

हाच माणूस शाबान महिन्यात दर दोन तासांनी बेचैन होत होता. निकोटीन झुरक्यानंतर 10 ते 20 सेकंदांत मेंदूत पोचते आणि साधारण दोन तासांत रक्तातले त्याचे प्रमाण निम्म्यावर येते. मग हात थरथरतो, चिडचिड होते, कामात लक्ष लागत नाही. बिडी ओढली की बरे वाटते, म्हणून माणूस समजतो की बिडीने ताण घालवला. खरे तर आधीच्या बिडीने उभा केलेला ताण पुढच्या बिडीने तात्पुरता निवला, इतकेच.

पण सारे काही निकोटीनच्या हिशेबावर चालत असते, तर असरच्या वेळेपर्यंत रोजेदार हैराण व्हायला हवा होता. तसे बहुधा होत नाही. इस्रायलमधील संशोधकांनी हा प्रश्न दोन ठिकाणी तपासला. शब्बाथच्या दिवशी आग पेटवणे निषिद्ध मानणाऱ्या धार्मिक ज्यू धूम्रपान करणाऱ्यांना त्या दिवशी जितकी तलफ आली, त्याहून जास्त ती कामाच्या दिवशी मुद्दाम सिगारेट बंद ठेवल्यावर आली. दुसरा अभ्यास विमानातल्या कर्मचाऱ्यांचा. छोटा प्रवास संपत आला की त्यांची तलफ वाढे; लांब प्रवासात मात्र तितकेच तास उलटूनही ती कमी असे, कारण विमान उतरायला अजून अवकाश होता. म्हणजे शेवटची सिगारेट ओढून किती वेळ झाला यापेक्षा पुढची कधी मिळणार, यावर तलफ अधिक हलत होती. दार बंद आहे हे मनाने मानले की मन दार ठोठावत बसत नाही.

उर्दूत या ओढीला तलब म्हणतात. तलब म्हणजे मागणी. तालिबे-इल्म, म्हणजे विद्यार्थी, हा शब्दही त्याच धातूतून आला. रोज्याची नियत केली की ही मागणी दिवसभरापुरती निकालात निघते, आणि मगरिबला दार पुन्हा सताड उघडते.

हे दार एकट्या माणसाने नव्हे, तर अख्ख्या गावाने बंद केले तर काय होते, ते पाहायला फार लांब जावे लागत नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील पारनेर तालुक्यातले राळेगणसिद्धी एके काळी हातभट्टीसाठी ओळखले जाई. यादवबाबांच्या मंदिराची लाकडेसुद्धा भट्ट्यांच्या जळणात गेली होती, असे गावात सांगतात. 1975 साली सैन्यातून निवृत्त होऊन अण्णा हजारे परतले, त्यांनी आधी ते मंदिर उभे केले आणि तिथेच बसून गावाने दारूबंदीचा ठराव केला. मंदिरात दिलेला शब्द मोडायला माणूस कचरतो, हे त्यांनी ओळखले होते. 30 हून अधिक भट्ट्या चालकांनी स्वतःहून बंद केल्या, उरलेल्या तरुण मंडळाने फोडल्या. पुढे तंबाखूची पाळी आली. गावातल्या दुकानांतली बिडी, सिगारेट, तंबाखू तरुणांनी गोळा केली आणि होळीत टाकली. त्यानंतर गावातल्या दुकानांत ती विकायची नाही, असे ठरले.

इथे मदिनेतला प्रसंग आठवल्याशिवाय राहत नाही. मद्य वर्ज्य झाल्याची मुनादी झाली, तेव्हा लोकांनी घरातली मद्याची भांडी रस्त्यावर ओतली आणि गल्ल्यांतून मद्य वाहिले, असे हदीसमध्ये आले आहे. मात्र त्या दिवसापर्यंत येण्यास बरीच वर्षे लागली होती. कुरआनने आधी सांगितले की यात फायद्यापेक्षा तोटा मोठा आहे. मग नशेत नमाजजवळ जाऊ नका असा आदेश आला. दिवसातून पाच वेळा नमाज पढणाऱ्याला नशेसाठी मोकळे तास असे किती उरणार? पूर्ण मनाई त्यानंतर आली. आधी मनाची तयारी, मग सवयीचे तास कमी, मग दार बंद. व्यसनमुक्तीचे आजचे समुपदेशन याहून फार वेगळे काही सांगत नाही.

राळेगणची दुसरी बाजूही आहे आणि ती झाकून चालणार नाही. ठरावानंतरही पिणाऱ्यांना तिथे खांबाला बांधून मारले गेले. अण्णांनी ते नाकारले नाही, उलट त्याचे समर्थन केले. शहाणी माणसेही आजवर याला दाद देत आली आहेत. ती दाद चुकीची आहे. मारामुळे गाव सुधारले असे मानणे म्हणजे राळेगण अर्धेच पाहणे होय. वर्षाला जेमतेम 400 ते 500 मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या त्या गावात नशाबंदी एकटी आली नाही. चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, नसबंदी आणि श्रमदान तिच्या जोडीला होते. नालाबांध झाले, विहिरींना पाणी आले, हाताला काम आले. ज्या माणसाचे पीक गेले, कर्ज चढले आणि संध्याकाळ रिकामी पडली, त्याला गावाने बाटलीऐवजी दुसरे काहीतरी दिले.

याला मानसशास्त्राचा आधार आहे. हार्वर्ड विद्यापीठातील संशोधकांनी 2019 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात 10 हजारांहून अधिक अमेरिकी लोकांची सुमारे 20 वर्षांची माहिती तपासली आणि धूम्रपान करणाऱ्यांवर काही प्रयोगही केले. आजवर समज असा होता की राग, भीती, लाज, दुःख, कोणतीही वाईट भावना माणसाला सिगारेटकडे ढकलते. निष्कर्ष निघाला की सर्वांत पक्का संबंध दुःखाचा आहे, काहीतरी गमावल्याच्या भावनेचा. दुःखी केलेल्या माणसांनी झुरकेही अधिक जोरात, अधिक लांब घेतले. चारचौघांत मार खाल्लेला माणूस घरी काय घेऊन जातो? इज्जत गमावल्याचे दुःख. म्हणून "काफिरासारखा धूर सोडतोस" असे म्हणून पोराला मशिदीच्या दारात झापणाऱ्या बुजुर्गांनीही थोडा विचार करावा. (शिवाय तंबाखू म्हटले की सगळ्यांना टपरीवरचा पोरगाच दिसतो, सहरीआधी आणि इफ्तारनंतर मिश्री लावणारी घरातली दादी कुणाला दिसत नाही.)

रमजानमध्ये राळेगणच्या दोन्ही गोष्टी आपसूक हाती येतात. दिवसभर दार बंद असते, आणि संध्याकाळ रिकामी नसते. दस्तरखानावर माणसे असतात, तरावीहला खांद्याला खांदा लागतो. कोविडनंतर कितीतरी घरांत एखादी जागा कायमची मोकळी झाली. तिथल्या माणसाला वर्षातले हे तीस दिवस तरी एकटे जेवावे लागत नाही. फट राहते ती मगरिब ते इशा एवढीच, आणि नंतर ईदची.

ती बुजवण्याचे काम जमातीचे आहे. मशिदीच्या कमिटीने टपरीवाल्याशी बोलावे, निदान मगरिबनंतरचा तासभर बिडी-सिगारेट आत ठेवायला राजी करावे, त्याचा धंदा बुडतो म्हणून इफ्तारचा चहा त्याच्याकडूनच घ्यावा. इमामसाहेबांनी जुम्याच्या बयानात नरकाऐवजी एकदा निकोटीनबद्दल बोलावे. सोडल्यानंतरचे पहिले तीन दिवस सर्वांत जड जातात, दोन ते चार आठवड्यांत बहुतेक त्रास ओसरतो, हे त्या पोराला कोणीतरी सांगायला हवे. ज्याची सवय जुनी आहे त्याने डॉक्टरकडे जावे. निकोटीनचे च्युइंगम आणि पट्ट्या मिळतात, रोज्यात च्युइंगम चालणार नाही पण रात्री चालेल. पाकिटावर 1800-11-2356 हा सरकारी मोफत क्रमांक छापलेला असतो. ज्या पाकिटातून बिडी काढायची, त्याच पाकिटावर तो आहे.

आणि चाँदरातीला, बाजार फुललेला असताना, सोडलेल्या पोराला मित्र हमखास म्हणतील, "आता तर ईद आहे, एक तर ओढ." त्या रात्री त्याच्यासोबत कोण फिरणार, हे घरच्यांनी आणि दोस्तांनी आजच ठरवून ठेवावे.