स्वदेशी औषध आणि कसोटीचा आग्रह

पंचवटीत पहाटे पोथी उघडून बसणाऱ्या ज्येष्ठांची परंपरा जुनी आहे. अशा एखाद्या वाचकाला एके दिवशी ओळी वाकड्या दिसू लागतात, पानाच्या मधोमध काळा डाग येतो. चष्म्याचा नंबर बदलला असेल, असे समजून आठवडे जातात. प्रत्यक्षात वार्धक्यात पीतबिंदूखाली वाढलेल्या नाजूक रक्तवाहिन्या फुटून दृष्टिपटलाखाली रक्त साचलेले असू शकते. हे रक्त प्रकाशग्राही पेशींची हानी करते; म्हणून येथे एकेका दिवसाला मोल आहे.

अशा रक्तवाहिन्यांना आवर घालणारे रानिबिझुमॅब हे इंजेक्शन अमेरिकेत २००६ साली मान्य झाले. मात्र एका इंजेक्शनाने भागत नाही; ते पुनःपुन्हा घ्यावे लागते. मूळ औषधाची किंमत न झेपल्याने मध्येच उपचार सोडणाऱ्या रुग्णाला त्या औषधाच्या श्रेष्ठत्वाचा काय उपयोग?

याचे उत्तर भारताने दिले. अहमदाबादच्या इंटासचे रझुमॅब हे रानिबिझुमॅबचे जगातील पहिले बायोसिमिलर, अर्थात जैवसदृश औषध, २०१५ साली येथे मान्य झाले. अमेरिकेने असे पहिले औषध मान्य केले ते २०२१ साली. पुढे महाराष्ट्रातील ल्युपिननेही या क्षेत्रात पाऊल टाकले. याचा अभिमान अवश्य बाळगावा.

परंतु अभिमान म्हणजे आंधळा विश्वास नव्हे. जैवसदृश औषध हे साध्या गोळीची नक्कल नसते. ते जिवंत पेशींकडून घडवून घेतलेले प्रथिन असते; शुद्धीकरणातील अल्पशी उणीवही डोळ्याला सहन होत नाही. रझुमॅबच्या आरंभीच्या काही बॅचनंतर डोळ्यांत दाह झाल्याच्या तक्रारी आल्या. पुरवठा थांबवून निर्मितीत सुधारणा करावी लागली. त्यानंतरच्या निरीक्षणांत गुण आणि सुरक्षितता मूळ औषधाच्या तोडीची आढळली. तक्रार दडवली असती, तर हा विश्वास मिळालाच नसता.

दुसरीही बाजू ध्यानात घ्यावी. मूळ औषधाच्या आरंभीच्या प्रमुख चाचण्यांतून पीतबिंदूखाली मोठा रक्तस्राव झालेले डोळे वगळलेले होते. तेव्हा अशा डोळ्यांबाबत केवळ विदेशी नाममुद्रेवर भिस्त ठेवण्यास आधार नाही. रक्त फार साचले असेल तर कोणतेही इंजेक्शन एकट्याने पुरे पडेलच असे नाही; वायू सोडून रक्त बाजूला सारणे किंवा शस्त्रक्रिया करणे भाग पडते.

म्हणून ‘मूळ की सदृश’ या वादापेक्षा काही साधे आग्रह महत्त्वाचे आहेत. औषधाचे नाव आणि बॅच क्रमांक केसपेपरवर नोंदवलेला असावा. कारखान्यापासून रुग्णालयापर्यंत ते २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानातच राहावे. इंजेक्शननंतर वेदना, लाली वा अंधुकपणा वाढल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे आणि त्याची नोंद राष्ट्रीय औषधदक्षता कार्यक्रमाकडे (१८००-१८०-३०२४) व्हावी.

स्वदेशी म्हणजे दुय्यम दर्जाशी केलेली तडजोड नव्हे. कसोटीला उतरलेले आणि सामान्य कुटुंबाला परवडणारे औषध वेळेवर मिळणे, हाच स्वदेशीचा खरा अर्थ होय.